टावरची यादी आणि तारेची यादी

२०२३ च्या नोव्हेंबरात नानांच्या कांद्याच्या रोपात एक दगड निघाला, लाल पेंट मारलेला आणि त्यावर पांढऱ्या रंगात एपी आणि पुढं आकडा. नानांनी तो उचलून बांधावर फेकला. दुसऱ्या दिवशी दगड परत जागेवर. तिसऱ्या दिवशी नानांनी तो सायकलच्या कॅरिअरला बांधला, थेट माझ्या दुकानात आणून काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "हाई काय शे ते कंप्युटरवर पाय."

माझं गावात झेरॉक्सचं छोटं दुकान आहे, सातबारा, आठ अ, पीकविम्याचे फॉर्म, आधारची कामं असं सगळं. धुळे जिल्ह्यातला साक्री तालुका, पांझरेकाठचं गाव, नाव सांगत नाही कारण केस चालू आहे. गावातला कुठलाही कागद आधी माझ्याकडं येतो म्हणून या भानगडीत मी पडलो, नाहीतर माझा स्वभाव भांडणाचा नाही हे बायकोसुद्धा कबूल करेल. दगड मात्र पहिल्यांदाच आला होता.

एपी म्हणजे अँगल पॉइंट, विजेची लाइन जिथं वळण घेते ती जागा, हे मला दोन महिन्यांनी कळलं. तेव्हा सर्वे करणारी पोरं आमच्या शिवारात सांगत होती की रस्त्याची मोजणी आहे, शेजारच्या गावात सांगितलं पाण्याच्या पाइपलाइनची. ड्रोन फिरवला तर लोकांना वाटलं कोणाचं तरी लग्नाचं शूटिंग. डिसेंबरात शाळेतल्या मास्तरांना पेपरच्या रद्दीत एक जाहीर नोटीस सापडली, मुंगीएवढ्या अक्षरात गावांची यादी, ४०० केव्ही डबल सर्किट पारेषण वाहिनी, म्हणजे टावरांवरून जाणारी चार लाख व्होल्टची वीज लाइन, आणि आमच्या गावाच्या नावातलं एक अक्षर गायब. मास्तर म्हणाले बघ बाबा, आपलं गाव चुकीचं छापलंय म्हणजे आपल्याकडून जात नसेल. गंमत वाटते आता, पण आठ दिवस आम्ही खरंच त्या एका अक्षराच्या आशेवर काढले.

मग मारुतीच्या पारावर मीटिंग झाली. दोनशे माणूस असेल, बाया वेगळ्या बसल्या होत्या. भाषणं अशी झाली की रक्त सांडू पण टावर होऊ देणार नाही. एक म्हातारे जिभाऊ उठून म्हणाले, "मी मरी जासू पन वावर सोडाव नही," आणि सगळा पार गप्प झाला, कारण सगळ्यांच्या डोक्यात एकच नाव आलं. विखरण आमच्यापासून लांब नाही, आमच्याच जिल्ह्यातल्या शिंदखेडा तालुक्यातलं. तिथले धर्मा पाटील, ऐंशीच्या घरातला माणूस, औष्णिक प्रकल्पाला गेलेल्या पाच एकराचे चार लाख मिळाले म्हणून चकरा मारून मारून थकले आणि २२ जानेवारी २०१८ ला मंत्रालयातच विष घेतलं, २८ ला गेले. आमच्या भागात कुठंही जमिनीची आणि प्रकल्पाची गोष्ट निघाली की ते नाव कोणी तोंडाने घेत नाही, पण ते तिथंच असतं. मास्तरांनी जिभाऊंचा हात धरून त्यांना खाली बसवलं आणि म्हणाले आबा, असं बोलायचं नाही, आपल्याला जगून भांडायचंय.

त्या मीटिंगमध्ये कमिटी झाली, एक ठराव झाला, सगळ्यांनी सह्या केल्या, मी शंभर झेरॉक्स फुकट काढल्या आणि आम्हाला वाटलं झालं काम. ग्रामसभेचाही ठराव घेतला. पुढचे चार-पाच महिने आम्ही निवेदनं देण्यात घालवले, तहसीलदार, प्रांत, कलेक्टर, आमदार, खासदार, पालकमंत्री, प्रत्येक ठिकाणी फोटो, प्रत्येक ठिकाणी "बघतो". सगळ्या पक्षांचे पुढारी येऊन चहा पिऊन गेले. एका पुढाऱ्याने तर आमच्यासमोर मुठी आवळल्या आणि नंतर कळलं की त्याच्याच मेव्हण्याकडं त्या कामाच्या मुरूम-खडीचा ठेका. असो.

तोपर्यंत लाइन टाकणाऱ्या कंपनीची माणसं गप्प बसलेली नव्हती. पांढरी बोलेरो रात्री आठ-साडेआठला यायची, माणूस जेवायला बसला की. ज्याच्या वावरात टावर येणार त्याच्याच घरी जायचे, बाकी कोणाकडे नाही. बोलायचे गोड, काका-दादा करून, सोबत एक आपल्याच भागातला अहिराणी बोलणारा पोरगा. दुसऱ्याला सांगू नका, तुमच्यासाठी स्पेशल रेट आहे, नंतर पोलिस बंदोबस्तात काम झालं तर हेही मिळणार नाही. शेजारच्या गावात फेब्रुवारीत तीन जणांनी सह्या केल्या. आमच्या गावात एप्रिलमध्ये दोघांनी, त्यातला एक कमिटीतला, ज्याने पारावर सगळ्यात मोठं भाषण केलं होतं. लोकांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. मला तेव्हा राग आला होता पण आता इतका येत नाही, त्याच्या पोरीचं लग्न आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, मुहूर्तावर ठरलं होतं आणि कांदा तेव्हा काय भावाने गेला ते सगळ्यांना माहीत आहे. डिसेंबरात निर्यातबंदी झाली होती ना.

मे महिन्यात आम्ही धुळ्याला एका वकिलांकडे गेलो. मी, मास्तर, नाना आणि सरपंचांचे मिस्टर. (सरपंच बाई आहेत, त्या नंतर खड्ड्यात बसल्या, ते पुढं येईल.) वकील साहेबांनी आमची सगळी फाइल बघितली, निवेदनं, ठराव, पेपरची कात्रणं, बातमीतले फोटो, आणि एकच प्रश्न विचारला: तुमची परवानगी लागते असं तुम्हाला कोणी सांगितलं?

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून नानांनी पाणी मागितलं. २००३ च्या वीज कायद्यात कलम १६४ आहे, त्याखाली सरकार लाइन टाकणाऱ्या कंपनीला तार खात्याचे अधिकार देऊ शकतं. तार खातं म्हणजे १८८५ चा इंग्रजांचा टेलिग्राफ कायदा. तो अधिकार एकदा मिळाला की कंपनी तुमच्या वावरात घुसू शकते, खांब रोवू शकते, तार नेऊ शकते, जमीन तुमच्याच नावावर राहते, संपादन होतच नाही, म्हणून संपादनाच्या कायद्यातला चारपट मोबदला, सुनावणी, सहमती काहीच लागू होत नाही. तुम्ही अडवलं तर कलम १६ खाली जिल्हा दंडाधिकारी म्हणजे कलेक्टर काम करू द्या असा आदेश काढतो आणि मग पोलिस येतात. सुप्रीम कोर्टानेही सेंच्युरी टेक्स्टाइल्सच्या केसमध्ये, २०१६ च्या डिसेंबरात, हेच म्हटलंय की अशा लाइनला मालकाची संमती लागत नाही. मास्तर म्हणाले अहो पण टेलिग्राफ तर बंद झाला, शेवटची तारही गेली २०१३ ला. वकील हसले. म्हणाले २०२३ ला नवा दूरसंचार कायदा आला, त्यात जुना तार कायदा रद्द करायचं कलमही आहे, पण वीज लाइनीसाठी लागतो तेवढा भाग मुद्दाम जिवंत ठेवलाय. म्हणजे तार मेली पण तिचा अधिकार आमच्या वावरात जिवंत.

"मग काय हातात आहे?" हे मी विचारलं. ते म्हणाले दोन गोष्टी. एक, त्याच कायद्याच्या कलम १० मध्ये लिहिलंय की कमीत कमी नुकसान करायचं आणि झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई द्यायची. दुसरं, भरपाई कमी वाटली तर कलम १६ च्याच तिसऱ्या पोटकलमाने जिल्हा न्यायाधीशांकडे जाता येतं. केरळच्या एका केसमध्ये, लिविशा नावाची केस, सुप्रीम कोर्टाने २००७ ला सांगितलं की जमीन कुठं आहे, तार किती अंतरावरून आणि जमिनीच्या कुठल्या भागातून जाते, हे बघून भरपाई ठरवायची, सगळ्यांना एकच फुटपट्टी नाही. "पण त्याला पुरावा लागतो. तुमच्याकडे घोषणा आहेत, पुरावा नाही." एवढं बोलून त्यांनी फाइल परत दिली. फी घेतली नाही त्या दिवशी.

येताना एसटीत कोणी बोललं नाही. कुसुंब्याला गाडी थांबली, नानांनी शेवेची पुडी घेतली आणि ती तशीच हातात धरून बसले घरापर्यंत.

पुढचं सगळं त्या एका वाक्यामुळे झालं, पुरावा. मी दुकानात बसून गट नंबरांची यादी करायला घेतली. कंपनीच्या सर्वेतला एक पोरगा, बीडकडचा होता, जीव मेटाकुटीला आलेला, तो माझ्याकडे मोबाइल रिचार्ज करायला यायचा, त्याने एक दिवस लाइनची केएमएल फाइल, म्हणजे नकाशावर रेघ दाखवणारी फाइल, व्हाट्सॅपवर टाकली आणि लगेच म्हणाला दादा माझं नाव घेऊ नका. नाव मला माहीतही नाही त्याचं. ती फाइल गुगल अर्थवर उघडली आणि पहिल्यांदा आमच्या शिवारावर ती पिवळी रेघ दिसली, साडेचार किलोमीटर, बारा टावर. नानांच्या कांद्यातून वळण, तिथून पाटाच्या चारीवरून, शाळेच्या मागून, वरच्या कोकणी आदिवासी वस्तीकडे आणि पुढे डोंगराला.

मग आम्ही मोबाइल हातात धरून त्या रेघेवरून पायी चाललो. तीन दिवस लागले. सोबत टेप, वही, आणि फडाचे जुने पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी वाटणारे, अप्पा. आमच्याकडे पांझरेवर फड पद्धत होती, अजून थोडी शिल्लक आहे, बंधाऱ्याचं पाणी पाटाने येतं, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाणी वरच्यालाही खालच्यालाही हिशोबाने. अप्पांना कुठलं वावर कोणाचं, मूळ कोणाचं, वाटणी कधी झाली, कोणाच्या बहिणीचं नाव राहिलंय हे सगळं तोंडपाठ. सातबाऱ्यात नसलेली माहिती त्या माणसाकडे होती.

चालताना कळलं की आम्ही सहा महिने चुकीच्या लोकांना धरून बसलो होतो. टावर बारा, ते अकरा खातेदारांच्या वावरात. पण ४०० केव्हीच्या तारेखालचा पट्टा सरकारी हिशोबाने ४६ मीटर रुंद असतो. त्या ४६ मीटरच्या पट्ट्यात आमच्या गावचे ६३ गट येत होते आणि सातबारावर नावं दोनशेच्या वर. ही माणसं मीटिंगला येतच नव्हती. त्यातल्या एका वहिनीने मला तोंडावर सांगितलं, "तार ते वरतीन जाई राह्यनी, मंग आम्हले काय?" बोलेरोही त्यांच्याकडे कधी गेली नाही. म्हणजे कंपनीला माहीत होतं की टावरवाले अकरा फोडले की झालं, तारवाल्यांना कोणी विचारत नाही आणि त्यांना स्वतःलाही माहीत नाही की आपलं काही जातंय.

मी एक हिशोब करून दुकानाच्या भिंतीवर चिकटवला, तो लोकांना सगळ्यात जास्त पटला म्हणून इथं देतो. समजा रेडी रेकनर, म्हणजे जमिनीचा सरकारी दर, हेक्टरी ८ लाख, म्हणजे चौरस मीटरला ८० रुपये. टावरचा पाया १८ बाय १८ मीटर धरा, ३२४ चौरस मीटर. केंद्राच्या १५ ऑक्टोबर २०१५ च्या मार्गदर्शक सूचनेत टावरच्या जागेला किमतीच्या ८५ टक्के, म्हणजे २२ हजार ३२ रुपये. आता तारेखालचं बघा, वावरातून २०० मीटर तार गेली तर गुणिले ४६, ९ हजार २०० चौरस मीटर, सव्वादोन एकराच्या वर. त्याला त्याच सूचनेत जास्तीत जास्त १५ टक्के, म्हणजे १ लाख १० हजार ४०० रुपये. टावरच्या पाचपट पैसा तारेत आहे. लोक भिंतीसमोर उभे राहून परत परत बघायचे, मोबाइलवर गुणाकार करून तपासायचे. एकाने तर मला विचारलं तू एक शून्य जास्त तर नाही दिलं ना.

आणि योगायोग असा की त्याच वेळी, १४ जून २०२४ ला, केंद्राच्या नव्या सूचना आल्या. टावरच्या जागेला २०० टक्के, आणि पायाच्या चारही बाजूंनी एकेक मीटर वाढवून, आणि तारेखाली ३० टक्के. माझ्या भिंतीवरचा हिशोब बदलला, टावरचे ६४ हजार, तारेचे २ लाख २० हजार ८००. ज्यांनी फेब्रुवारी-एप्रिलमध्ये सह्या केल्या होत्या ते दुकानासमोरून जाताना दुसरीकडे बघायला लागले. कंपनीची माणसं म्हणायची या सूचना राज्याने स्वीकारल्या पाहिजेत, राज्याचे आपले वेगळे जीआर आहेत, आम्ही त्याप्रमाणे देऊ. हा वाद अजून मिटलेला नाही.

पैशाच्या पलीकडचं पण सांगतो, कारण वरून तार गेली तर काय होतं असं शहरातले पाहुणेही विचारतात. कांदा, कपाशी, मका होतो, पीक बंद होत नाही. पण त्या पट्ट्यात घर नाही, गोठा नाही, कांदाचाळ नाही, आंबा-लिंब वाढवता येत नाही. बोअर घेता येत नाही कारण मशीनचा दांडा तारेच्या जवळ जातो. आधीची बोअर असेल तर मोटर काढताना वीस फुटी लोखंडी पाइप उभा करावा लागतो आणि ४०० केव्हीची तार मधोमध झोळ पडून सर्वात खाली जमिनीपासून ८.८ मीटरवर असली तरी नियमात बसते. पाइप काढणाऱ्या पोरांनीच मला सांगितलं की आम्ही तिथं गाडी लावणार नाही. आणि अशा वावराला गिऱ्हाईक कोण येणार. आमच्या तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या आहेत, सोलर आहे, धुळ्याकडे ७६५ केव्हीचं सबस्टेशन आहे, वीज आमच्याकडून सगळीकडे जाते. डोक्यावरून चारशे केव्ही आणि आमची शेतीची लाइट रात्रीची, थंडीत दोन वाजता उठून मोटर चालू करायला जायचं. वीज नको असं आम्ही कधीच म्हटलं नाही. पण हा विनोद सहन करायला पण काहीतरी मोबदला पाहिजे की नको.

जमिनीखालून का नेत नाही हा प्रश्न प्रत्येक मीटिंगला यायचा. मी शोधलं, केरळात पुगळूर-त्रिशूर लाइनचा शेवटचा तुकडा खरंच जमिनीखालून नेलाय, पण ती ३२० केव्हीची डीसी लाइन आहे, आणि आपली एसी, तिच्या भूमिगत केबलचा खर्च कितीतरी पट. माळढोक पक्ष्यासाठी सुप्रीम कोर्टाने २०२१ ला राजस्थान-गुजरातमध्ये तारा जमिनीखाली घाला म्हटलं होतं, २०२४ ला तो आदेश सैल केला. हे सांगितल्यावर अप्पा म्हणाले आपल्याला पंख असते तर बरं झालं असतं.

कमिटी नव्याने केली आणि अप्पांच्या सल्ल्याने फडाच्या रिवाजाने. वर्गणी एकरी, टावर असो की तार असो सारखीच, आणि फडात जसं खालच्या टोकाच्या माणसाला पाणी पोचल्याशिवाय पाटकरी घरी जात नाही तसं शेवटच्या खातेदाराचं नाव यादीत आल्याशिवाय कोणी एकट्याने सही करायची नाही. असं ठरलं. पाळलं किती, तर बऱ्यापैकी. चार जण फुटले, पण आधीसारखे गुपचूप नाही, सांगून फुटले.

यादीचं काम सगळ्यात किचकट आणि याच्यावर मी तासभर बोलू शकतो. ६३ गटांपैकी २० वर अजून आजोबांचं नाव. वारस नोंद नाही. वारस लावायचा तर बहिणी आल्या, आत्या आल्या, एक आत्या सुरतेला, दुसरी मालेगावला, भाऊबंदकी अशी की वीस वर्षं तोंड बघितलेलं नाही. माझ्याच घरात, नाना माझे चुलते, आमचा गट अजून आजोबांच्या नावावर, दोन आत्यांच्या सह्या पाहिजेत. लोकांना वाटायचं बहिणीचं नाव लागलं तर ती हिस्सा मागेल, म्हणून पैसे बुडाले तरी चालेल पण वारस नको, असं म्हणणारेही निघाले. आणि वरच्या वस्तीचं वेगळंच. तिथले नऊ जण वनपट्टेधारक, वनहक्क कायद्याचा पट्टा हातात, बापजाद्यांपासून नागली-भात करतायत, पण कंपनीच्या यादीत ती सगळी जमीन वनविभागाची दाखवलेली आणि माणसं शून्य. त्यातले एक दादा रोज संध्याकाळी खाली यायचे, दुकानाच्या पायरीवर बसायचे आणि जाताना एकच विचारायचे, भाऊ, माझं नाव लागलं का यादीत. मी म्हणायचो लागेल. तीन महिने मी असंच म्हणालो.

सप्टेंबरात कलेक्टर ऑफिसला सुनावणी लागली. आम्ही भाषण केलं नाही. मी २७ पानांचं टिपण दिलं, गटवार तक्ता, तारेखालची लांबी, विहिरी-बोअर, झाडं, प्रत्येक ठिकाणचा फोटो, शाळेपासून तारेचं अंतर टेपने मोजून. चार मागण्या. शाळेमागची रेघ सरकवा, पाटाच्या चारीवरचा टावर हलवा, तारेखालच्या प्रत्येकाचं नाव पंचनाम्यात घ्या वनपट्ट्यासकट, आणि पिकाचं नुकसान तीन वेळा धरा, पाया खोदताना, टावर उभा करताना, तार ओढताना. कंपनीचे इंजिनिअर म्हणाले रेघ अशी कोणी सांगितलं म्हणून सरकत नाही, सरळ टावर हलका असतो, पण लाइन वळवली की वळणाचा टावर लागतो, तो जड, त्याचा पाया मोठा, खर्च दीड-दुपटीचा. हे खरंही आहे, मी वाचलं होतं. म्हणून आम्ही आधीच दाखवलं होतं की नानांच्या वावरात वळण आहेच, तेच वळण शंभर मीटर अलीकडे घेतलं तर शाळा सुटते आणि जास्तीचं वळण लागत नाही. फक्त ते मग नानांच्या विहिरीशेजारी येतं. हे नानांना विचारूनच केलं होतं. नाना म्हणाले होते पोरांच्या डोक्यावर नको, विहीर म्हातारी झाली. पण त्या रात्री ते जेवले नाहीत हे काकूने मला सांगितलं.

शाळा सुटली. चारीवरचा टावर चाळीस मीटर सरकला. कलेक्टरांच्या आदेशात टावरच्या जागेला किमतीच्या दुप्पट मोबदला आला, तारेखाली १५ टक्केच.

डिसेंबरात काम सुरू झालं आणि पोलिस आले. वनपट्ट्यांची नावं अजून लागलेली नव्हती म्हणून बायांनी वरच्या वस्तीत खड्ड्यात उतरून काम थांबवलं, सरपंच बाई सगळ्यात पुढे. पेपरात छान फोटो आला. प्रत्यक्षात तो दिवस छान नव्हता, चार फूट खड्ड्यात सकाळपासून बसलेल्या, थंडी, वर लेडीज पोलिस उभ्या, त्यातली एक आमच्याच भागातली, तीही कंटाळलेली, तिने एका म्हातारीला आपला थर्मास दिला. दुपारी प्रांत साहेब आले, जागेवर पट्ट्यांचे कागद बघितले आणि तलाठ्याला तिथंच पंचनामा लिहायला लावला. नऊपैकी सात नावं लागली. दोघांचे पट्टे मयत बापाच्या नावावर. पायरीवर बसणाऱ्या दादांचं लागलं. त्यांना सांगायला गेलो तर म्हणाले कागद दे, कागदावर बोट ठेवून दाखव. आमच्यातल्या सतरा जणांवर मात्र गुन्हे दाखल झाले, मी त्यात आहे, मास्तर नाहीत कारण त्यांची नोकरी जाईल म्हणून आम्हीच त्यांना घरी बसवलं होतं.

तार ओढायचं काम २०२५ च्या मे मध्ये झालं. वावरं मोकळी असतात म्हणून तो महिना धरला होता पण त्या वर्षी मे मध्येच पावसाने झोडपलं, मशीनच्या गाड्या चिखलात फसल्या आणि बांध फोडून गेल्या. पीक नसल्यामुळे तिसऱ्या वेळचं नुकसान देणार नाही म्हणाले. आम्ही फुटलेल्या बांधांचे फोटो तारखेसकट काढले होते, त्याचे पैसे शेवटी दिले, थोडे.

आता पावसाळी रात्री तार गुणगुणते, मधमाशांचं पोळं डोक्यावर असावं तसं. नाना म्हणतात पंधरा दिवसांनी ऐकू येत नाही, काकू म्हणते मला येतं. तारेखालच्या लोखंडी कुंपणाला हात लागला की झिणझिण्या यायच्या, ते जमिनीला अर्थिंग करून घ्यावं लागतं, कंपनीकडून करून मिळतं पण मागावं लागतं, कोणी आपणहून येत नाही.

५२ गटांचे पैसे आले. बाकीचे वारसावर अडलेत, आमचाही. सुरतेच्या आत्याने सही दिली, मालेगावची आत्या आखाजीला माहेरी आली होती, बावीस वर्षांनी, सही नाही दिली पण आंब्याचा रस-पुरणपोळी खाऊन दोन दिवस राहिली, आणि जाताना काकूला म्हणाली विचार करते. अडतीस जणांनी मिळून ३० टक्क्यांसाठी धुळ्याला जिल्हा न्यायाधीशांपुढे अर्ज टाकलाय, वकील तेच, आता फी घेतात. पुढची तारीख सोमवारी आहे. शनिवारी सगळ्यांचे नवे सातबारे काढून ठेवायचेत, अडतीस, आणि दुकानातलं प्रिंटर कालपासून काळी रेघ मारतंय.